बांधनाईकाचा हात

एकदा एका खाडीकाठच्या गावाचा बांध समुद्राने फोडला, तेव्हाची ही गोष्ट आहे.

ते गाव बांधाच्या भरवशावरच जगत होते. बांधाच्या एका अंगाला खारे पाणी, दुसऱ्या अंगाला भाताची खाचरे, आणि खाचरांच्या मागे गावाचे गोड्या पाण्याचे एकुलते एक तळे. भाद्रपद सरत आला होता, भात पोटरीला आले होते, आणि नेमक्या अशा वेळी एका वादळी भरतीत बांधाला खांड पडली. बैलगाडी आरपार जाईल एवढी. त्या दिवसापासून प्रत्येक भरतीला खारे पाणी आत शिरे आणि ओहोटीला मागे सरे. साध्या भरतीचे पाणी बांधामागच्या पडीक पट्ट्यात थांबत होते, म्हणून खाचरे अजून वाचली होती. पण अमावास्या जवळ येत होती. अमावास्येचे उधाण त्या खांडीतून आले, तर ते थेट तळ्यापर्यंत जाणार, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही कळत होते. भात तर जाईलच. पण खारवलेली जमीन पुढची काही वर्षे दाणा देत नाही, आणि तळे खारट झाले तर माणसांना चूलबोळके उचलून दुसरीकडे जावे लागते.

बांधाची जबाबदारी ज्याच्याकडे असे, त्याला तिथे बांधनाईक म्हणत. त्या वर्षी पदाजी नावाचा एक शांत, मितभाषी मनुष्य बांधनाईक होता. त्या गावाची एक जुनी रीत होती. फार पूर्वी बांध दुरुस्त करताना जो तो आपल्या खाचरापुढची बाजू आधी भक्कम करू लागला, त्यावरून भांडणे झाली, डोकी फुटली. तेव्हा वडीलधाऱ्यांनी ठरवले की नाईकाने हात करून जागा दाखवल्याशिवाय कोणी बांधावर मातीची टोपली ओतायची नाही. भांडणे थांबली. गावाला या रितीचा अभिमान होता. "आमच्या बांधावर नाईकाच्या हाताशिवाय मातीचं ढेकूळ पडत नाही," असे ते पाहुण्यांना सांगत.

साध्या दिवसांत ही रीत चांगलीच होती. वर्षाकाठी थोडी डागडुजी, थोड्या टोपल्या, नाईकाने चार जागा दाखवायच्या आणि घरी जाऊन जेवायचे. आता मात्र सगळे गाव टोपल्या घेऊन बांधावर उतरले होते, आणि प्रत्येक जण आपली टोपली डोक्यावर घेऊन पदाजीसमोर थांबत होता.

"नाईक, इथं?"

पदाजी हात करी. टोपली पडे. मागचा पुढे येई.

"नाईक, इथं का तिथं?"

पाणी उतरले की काम सुरू होई आणि पुढच्या भरतीचे पाणी घोट्याला लागेपर्यंत चाले. पदाजी खांडीच्या कडेला उभा राहून हात दाखवत असे. त्याचा उजवा हात खांद्यापासून सुजला. बोटे उघडमीट होईनात. डोळ्यांखाली काळे झाले. तो जेवायला बसला तरी कोणीतरी अंगणात येऊन विचारी, "नाईक, पेंढा वाळलेला घ्यायचा की ओला?" आणि तो हातातला घास तसाच ठेवून उठे.

पदाजीचा धाकटा भाऊ टेकडीपलीकडच्या मठात एका वृद्ध आचार्यांपाशी शिकत होता. या गोष्टीत त्याला आपण शिष्य म्हणू. तिशी ओलांडलेला, मन लावून पाठ करणारा, आणि भावावर जीव असणारा. बांध फुटल्याचे कळताच तो धावत गावी आला होता. आल्या आल्या त्याने भावाला विचारले, "दादा, मी काय करू?"

पदाजीने त्याच्याकडे पाहिले. त्या नजरेत कंटाळ्यासारखे काहीतरी होते, पण ते लगेच मावळले. "तू... टोपल्या वाहा, धाकट्या," तो म्हणाला.

शिष्याने टोपल्या वाहिल्या. पण दुसऱ्याच दिवशी भावाचा हात लटलट कापताना त्याला पाहवेना. त्याने टोपली खाली ठेवली आणि जाऊन आपला खांदा भावाच्या काखेखाली दिला. आता पदाजीचा हात धाकट्याच्या खांद्यावर टेकून पुढे पसरलेला राही आणि फक्त बोट वळवले की भागे. लोकांना गहिवरून आले. "भाऊ असावा तर असा," बायजा नावाची एक फटकळ म्हातारी म्हणाली, आणि ती सहसा कोणाला चांगले म्हणत नसे. शिष्याचे पाय चिखलात रुतले होते, मान आखडली होती, तरी त्याच्या मनात समाधान होते. आपण दादाच्या उपयोगी पडतो आहोत.

तरी सूज उतरेना. अमावास्या दोन दिवसांवर आली तेव्हा सकाळच्या भरतीत काम थांबलेले पाहून शिष्य मठात गेला.

"आचार्य, औषधी तेल हवं आहे," तो म्हणाला. "दादाचा हात सुजलाय."

"टोपल्या वाहून?"

"नाही. दाखवून."

आचार्य पाने निवडत बसले होते. त्यांचे हात थांबले. "नीट सांग," ते म्हणाले.

शिष्याने सगळे सांगितले. रीत सांगितली, रांग सांगितली, आपण खांदा कसा दिला तेही सांगितले.

"आणि खांड किती भरली?" आचार्यांनी विचारले.

शिष्य गडबडला. "भरतेच आहे. पुष्कळ माती पडली."

"मी किती माती पडली ते विचारलं नाही."

खांडीकडे त्याने नीट पाहिलेच नव्हते. त्याचे तोंड सारखे रांगेकडे असे.

आचार्य गुडघ्यांवर हात टेकून उठले. "तेल राहू दे. मीच येतो."

"आपण? वाट चिखलाची आहे. चालवेल आपल्याला?"

"हळू चालवेल."

आणि ते खरोखरच फार हळू चालले. शिष्य पुढे जाई, थांबे, मागे येई. गुरूंवर रागावू नये हे त्याला ठाऊक होते, पण त्या दिवशी त्याच्यात भक्तीला पुरेल एवढी शक्ती उरली नव्हती.

ते बांधावर पोचले तेव्हा पाणी उतरू लागले होते आणि काम पुन्हा सुरू झाले होते. पदाजी आपल्या जागी उभा होता. आचार्यांनी कोणाला काही विचारले नाही. ते सरळ पदाजीपाशी गेले. त्यांनी त्याचा सुजलेला हात नाडी पाहावी तसा हातात घेतला. मग खांद्यावरचे उपरणे काढले, त्याचे एक टोक पदाजीच्या उजव्या मनगटाला आणि दुसरे आपल्या डाव्या मनगटाला गुंडाळून घट्ट गाठ मारली, आणि ते खाली चिखलात बसले. बांधलेल्या हातामागे पदाजीलाही बसावेच लागले.

रांग थांबली.

"नाईक, हात!" पुढच्या माणसाने हाक दिली. तो जोमा. अंगाने आडदांड, तोंडाने थट्टेखोर.

"हात बांधलेला आहे," आचार्य म्हणाले.

"ते दिसतंय महाराज. सोडा की मग. टोपली डोक्यावर आहे माझ्या, फुलांची परडी नाही."



"अरे, कोणीतरी विचारा त्यांना, काय चाललंय!" मागून बायजा ओरडली आणि शिष्याकडे वळली. "बुवा, तुमच्या गुरूंना म्हणावं, हात सोडा, नाहीतर ही टोपली त्यांच्या डोक्यावर ओतते. मग बसा म्हणावं तपाला!"

कोणी हसले, कोणी चिडले. पदाजी उठू पाहत होता. "महाराज, पाया पडतो, सोडा. पाणी परत चढेल. ही सगळी माझ्यासाठी थांबलीयत."

"थांबू देत. तू बस."

अखेर एकाची मान दुखू लागली म्हणून त्याने टोपली तिथल्या तिथे ओतली. ते पाहून दुसऱ्याने ओतली. तिसऱ्याने भलतीकडे ओतली, त्यावरून दोघांची जुंपली, आणि या गोंधळात कडेला टाकलेला एक मोठा ढीग घसरून खांडीत पाण्याने खणलेल्या डोहात गेला. केलेल्या कामातले थोडे डोळ्यांदेखत वाहून गेले.

शिष्याचा संयम सुटला. आयुष्यात पहिल्यांदा तो गुरूंवर ओरडला. "आपण गाव बुडवायला आलात का?"

"माझ्याशी नंतर भांड," आचार्य म्हणाले. त्यांचा आवाज थकलेला होता. "आधी ते लोक टोपल्या घेऊन उभे आहेत, त्यांच्याकडे जा."

"जाऊन काय सांगू?"

"तू याच गावात जन्मलास ना? माती कुठं टिकते आणि कुठून घसरते, ते आता मी सांगू?"

शिष्य रागातच गेला. जोमा टोपली घेऊन तसाच उभा होता. शिष्य म्हणाला, "पेंढ्याच्या थरावर टाका. कडेला नको, घसरते तिथून."

"बुवा, तुमचा हात चालतो का बांधावर?" जोमाने विचारले.

"नसेल चालत तर तुमचे डोळे चालवा. इतकी वर्षं या बांधावर आहात. कुठं टाकायची असते टोपली?"

जोमाने डोळे बारीक करून पाहिले. मग खाकरला. "तिथं. खुंटांच्या मागं."

"मग टाका तिथं."

जोमाने टोपली टाकली. आजूबाजूला वीज पडली नाही. त्याच्या मागच्या बाईने काही न विचारता त्याच्याशेजारी टाकली. भांडणारे दोघे अजून भांडत होते, पण बायजाने त्यांना दोन शब्द असे सुनावले की तेही कामाला लागले. पेंढा ओला की वाळलेला, ते पेंढा आणणाऱ्यांनीच ठरवले. काम आधीपेक्षा सुबक झाले असे म्हणता येणार नाही. थोडे वेडेवाकडेच होत होते. पण ते चालू राहिले, आणि कोणी पदाजीकडे पाहत नव्हते.

शिष्य घागरीतले पाणी घेऊन भावाकडे परत आला, तेव्हा पदाजी खाली वाकून खांडीकडे टक लावून पाहत होता. उभा असताना त्याला फक्त माणसांची डोकी आणि टोपल्या दिसत. आता बसल्यावर डोळ्यांसमोर पाणी होते.

"भरत नाहीये," पदाजी हळूच म्हणाला. "आम्ही टाकतो आणि भरती खालून ओढून नेते. डोह खोल होत चाललाय. असं महिनाभर टाकत बसलो तरी भरणार नाही."

"मग?" आचार्यांनी विचारले.

"खांड सोडून द्यायला हवी. मागं सरून वळसा घालायचा. ह्या टोकापासून मागच्या उंचवट्यावरून त्या टोकापर्यंत, कोयत्यासारखा. तिथं डोह नाही, जमीन घट्ट आहे. सगळं गाव लागलं तर अमावास्येच्या दुपारपर्यंत उभा राहील." तो थांबला. "पण वळशाच्या बाहेर चांगोची खाचरं राहतात. सगळी."

"हे आत्ता सुचलं तुला?"

पदाजी मान खाली घालून म्हणाला, "पहिल्याच दिवशी मनात आलं होतं. पण विचार पुरा करायला घेतला की कोणीतरी टोपली घेऊन यायचं. आणि खरं सांगू महाराज, मला ते बरंही वाटायचं. हात दाखवत राहिलं की चांगोच्या तोंडाकडे बघायची वेळ येत नव्हती."

शिष्याच्या हातातली घागर तशीच राहिली. आपण ज्या हाताला दोन दिवस आधार दिला, तो हात भावाला कोणत्या गोष्टीपासून लपवत होता, हे त्याला आत्ता कळले.

आचार्यांनी गाठ सोडली.

पदाजी उभा राहिला. त्याने सगळ्यांना जवळ बोलावले आणि वळशाची गोष्ट सांगितली. कोणाची खाचरे बाहेर जाणार, तेही नाव घेऊन सांगितले. मग तो म्हणाला, "कोणाला दुसरी वाट दिसत असेल तर आत्ता बोला. माझं चुकलं ठरलं तर मला वाईट वाटणार नाही."

लोक एकमेकांकडे पाहू लागले.

"नाईक, तुम्ही म्हणाल ते," एक जण म्हणाला.

"हो, हो. नाईक म्हणतील ते," बाकीच्यांनी माना हलवल्या. बायजाही त्यांत होती.

चांगो पुढे आला. वयाने पदाजीपेक्षा मोठा, उन्हाने रापलेला, दोन मुलींचा बाप. त्याच्या हातात रिकामी टोपली होती. "म्हणजे माझं भात समुद्राला द्यायचं," तो म्हणाला. "आणि तुझं? तुझी खाचरं बरी सुटली रे वळशातून!"

"सुटली," पदाजी म्हणाला. "उंचवटा तिथंच आहे. मला दुसरीकडून नेता आला असता तर नेला असता."

"अजून एक दिवस खांडीत भर टाकून बघा. एक दिवस! कशावरून नाही भरणार?"

"नाही भरणार असं मला वाटतं, चांगोदादा. छातीवर हात ठेवून सांगता येत नाही. वाटतं."

"वाटतं!" चांगोने भोवती पाहिले. "अरे, बोला की कोणीतरी! तुम्हाला काय वाटतं? जोमा? बायजे? का सगळ्यांची तोंडं नाईकानं बांधलीयत?"

कोणी बोलले नाही. शिष्याने खाली पाहिले. चिखलात एक खेकडा तिरका चालत आपल्या बिळाकडे निघाला होता. तो बिळात जाईपर्यंत शिष्य त्याच्याकडे पाहत राहिला.

चांगोने टोपली फेकली आणि तो घराकडे निघून गेला.

त्या संध्याकाळपासून वळशाचे काम सुरू झाले. खुंट ठोकले, पेंढा अंथरला, मातीवर माती पडली. पदाजी सगळीकडे फिरत होता, पण त्याला कोणी टोपलीची जागा विचारली नाही. विचारायला कोणी निघालाच, तर शिष्य वाटेतच त्याला गाठून म्हणे, "काय आहे? मला सांगा." बहुतेकांचा प्रश्न वाटेतच सुटे. मधल्या भरतीने वळशाचा एक भाग खाल्ला, ओहोटीला तो पुन्हा उभा केला. लोक आळीपाळीने झोपले. झोपले म्हणजे जिथे होते तिथे आडवे झाले.

अमावास्येच्या दुपारी उधाण आले. सारे गाव वळशावर उभे होते. खांडीतून पाणी घुसले, पडीक पट्टा भरला, आणि मग ते चांगोच्या खाचरांत शिरले. आधी भाताचे बुडखे गेले, मग पाती गेली, मग नुसते शेंडे वाऱ्यावर हलताना दिसत होते, आणि थोड्या वेळाने तेही दिसेनासे झाले. पाणी वळशाला येऊन टेकले. दोन ठिकाणी झिरपले, तिथे लोकांनी धावत जाऊन माती दाबली. कोणी कोणाला विचारले नाही.

वळसा टिकला.

ओरडा झाला नाही. ओरडायला कोणाच्या अंगात त्राण नव्हते. पदाजी चांगोच्या खाचरांवरच्या पाण्याकडे पाहत बसला आणि बसल्या बसल्याच त्याचा डोळा लागला. त्याच्याभोवती लोक हलक्या आवाजात बोलत होते. "नाईक होते म्हणून वाचलो," एक म्हणाला. "खरंय. पण चांगोला बुडवला हो नाईकानं," दुसरा म्हणाला. दोघेही आपापल्या घरी गेले.

शिष्य आचार्यांपाशी येऊन बसला. दोघेही चिखलाने माखले होते. शिष्य म्हणाला, "परवा मी आपल्याला टाकून बोललो."

"बोललास. ते राहू दे."

"आपण त्याचा हात बांधलात. मी तोच हात उचलून धरत होतो. मायेनेच धरत होतो, आचार्य."

"मायेनेच धरत होतास," आचार्य म्हणाले. "आणि या लोकांचीही त्याच्यावर माया आहे. त्यांनी त्याला एकटं टाकलं असं तू म्हणालास तर त्यांना खरं वाटणार नाही. ते तर रोज रांगेत उभे होते. पण बघ, प्रत्येकाने माती आपल्या डोक्यावर वाहिली आणि चूक होण्याची भीती तेवढी त्याच्या समोर आणून ठेवली. एकेकाला ती जड नव्हती. त्याच्यापाशी तिचा डोंगर झाला. त्यात तू खांदा दिलास, म्हणजे त्या बिचाऱ्याला खाली बसण्याचीही सोय राहिली नाही." त्यांनी डोळे चोळले. "जे त्याच्यावाचून होतं, ते त्याच्यापर्यंत जाऊ देऊ नये. एवढं तू परवापासून केलंस, आणि चांगलं केलंस. पण जे त्याच्यावाचून होत नाही, ते त्याने केल्यावर त्याच्या शेजारी कोण उभं राहतं, हेही पाहावं लागतं."

एवढे बोलून ते थांबले. चांगो भोवती पाहत होता तेव्हा आपण कुठे पाहत होतो, हे त्याला आठवले. तो थोडा वेळ झोपलेल्या भावाकडे बघत बसला. त्यालाही झोप हवी होती. मग तो उठला आणि गावाकडे चालू लागला.

चांगो आपल्या ओट्यावर बसला होता. आतून भांड्यांचा आवाज येत होता, माणसांचा येत नव्हता.

"भावानं पाठवलं?" चांगोने विचारले.

"नाही. तो झोपलाय."

"झोपणारच. त्याचं भात उभं आहे."

शिष्य ओट्याच्या पायरीवर बसला. "परवा तुम्ही म्हणालात, बोला की कोणीतरी. मी तिथंच होतो. वळसा तिथूनच जायला हवा, असं मलाही वाटत होतं. पण मी बोललो नाही. दादालाच एकट्याला बोलू दिलं."

"मग आता बोलून काय भात परत येणार आहे?"

"नाही."

"मग कशाला तोंड दाखवायला आलास?"

"तुम्हाला जे दादाला बोलायचं आहे, त्यातलं माझ्या वाट्याचं ऐकायला."

चांगो आधी हसला. ते हसणे ऐकवत नव्हते. मग तो बोलू लागला. पदाजीला बोलला, पदाजीच्या बापाला बोलला, मठाला आणि मठात बसून फुकटचे खाणाऱ्यांना बोलला. आपण ती खाचरे कशी उभी केली, दगड कसे वेचले, थोरल्या मुलीचे लग्न या भातावर कसे ठरवले होते, तेही त्यात आले. शिष्याने एकाही शब्दाला उत्तर दिले नाही. मान तेवढी खाली घातली नाही.

थोड्या वेळाने जोमा वाटेने जाताना थबकला. त्याने ऐकले, डोके खाजवले, आणि येऊन शिष्याशेजारी बसला. "चांगो, मीही गप्प बसलो होतो," तो म्हणाला. "मलाही घाल त्यात. माझं भात वाचलंय. तुझ्या घरात दाणा कमी पडला तर माझ्या कणगीत हात घाल, पण आधी बोलून घे."

"तुझी कणगी घाल चुलीत!" चांगो म्हणाला, पण त्याने जोमाला उठवले नाही.

"बोलतोयस तर मोठ्यानं बोल रे!" वळणावरून बायजा काठी टेकत येत होती. "मला कमी ऐकू येतं. 'नाईक म्हणतील ते' म्हणणाऱ्यांत मीही होते, थेरडी मेली."

ती आली, तिच्यामागून आणखी दोघे-तिघे आले. कोणी ओट्यावर, कोणी अंगणात बसले. चांगोला कोणाचेच सांत्वन नको होते आणि कोणी ते केलेही नाही.

दिवे लागायच्या सुमारास पदाजी आला. त्याला जाग आली होती आणि तो सरळ इकडेच निघाला होता. वाटेत त्याने मनाशी शब्द जुळवले होते. चांगोच्या दारात आपण एकटे उभे असू आणि पुढे काय होईल ते होईल, असे धरूनच तो आला होता. अंगणाच्या कडेला येताच तो थबकला. ओट्यावर इतकी माणसे बसलेली पाहून त्याला काही उमजेना.

चांगोचा आवाज बसला होता. त्याने पदाजीकडे पाहिले.

"आलास? बस," तो म्हणाला. "तुझ्या वाट्याच्या शिव्या अजून राहिल्यायत."

शिष्य पायरीवर थोडा बाजूला सरकला. पदाजी त्याच्या आणि जोमाच्या मधोमध बसला, आणि आपला सुजलेला हात त्याने मांडीवर ठेवला.